फाटकाच्या आत, प्रयोगशाळेच्या बाहेर

केंब्रिजच्या फ्री स्कूल लेन नावाच्या अरुंद गल्लीत जुन्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक पाटी आहे. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इथे इलेक्ट्रॉन शोधला, असं ती सांगते. जवळच माँड प्रयोगशाळेच्या विटांच्या भिंतीवर एरिक गिल यांनी १९३३ साली कोरलेली मगर आहे. भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र कापित्सा यांनी ती तिथलेच ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांच्या सन्मानार्थ करवून घेतली होती. येणारे लोक पाटीचा फोटो काढतात, मगर माहीत असेल तर तिचाही काढतात आणि पुढच्या कॉलेजकडे वळतात. कॅव्हेंडिशने मात्र ही जागा १९७४ मध्येच सोडली. आजचं भौतिकशास्त्र शहराच्या पश्चिमेला दुसऱ्याच इमारतींत चालतं. शिकागो विद्यापीठातही असंच. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःहून चालू राहणारी अणुविखंडनाची पहिली साखळी अभिक्रिया जिथे घडवली, तिथे हेन्री मूर यांचं ब्राँझचं शिल्प १९६७ पासून उभं आहे. शिल्प अप्रतिम आहे. पण त्या जागी ग्रॅफाइटच्या विटांची एवढी मोठी रास का रचावी लागली, हे शिल्पाकडे बघून कुणाला कळत नाही.

वैज्ञानिक संशोधन करणारं विद्यापीठ बघायला गेलेल्या माणसाच्या पदरात बहुतेक ठिकाणी एवढंच पडतं. मुख्य इमारत, संस्थापकाचा पुतळा, हिरवळ, एखादं ऐतिहासिक झाड, ग्रंथालयाची दर्शनी बाजू. ज्यासाठी ही जागा अस्तित्वात आहे ते काम चार भिंतींपलीकडे चालू असतं आणि ते न बघताच तो परत जातो. यात त्याची चूक नाही. त्याच्यासाठी दुसरं काही ठेवलेलंच नसतं.

अशी आवारं पर्यटकांना खुली असावीत की नाही, ही चर्चा हल्ली सगळीकडे फाटकापाशीच अडकते. एक बाजू म्हणते, सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली जागा लोकांना बंद का? दुसरी म्हणते, इथे लोक काम करतात, ही बाग नव्हे. दोघांचंही खरं आहे आणि दोघंही फाटकाबद्दल बोलतायत. आमचं म्हणणं असं की फाटकाचा प्रश्न दुय्यम आहे. पाहुण्याला हिरवळीवर येऊ दिलं किंवा न दिलं, तरी विज्ञानाची त्याची समज तसूभरही बदलत नाही. खरा निर्णय एकेका प्रयोगशाळेच्या दारापाशी व्हायला हवा: कुठलं दार, किती माणसांना, किती वेळ, कुणासोबत. आणि तो वर्षातून एका दिवसापुरता न राहता वर्षभर चालावा.

हे दाखवायचंच कशाला, असंही विचारलं जातं. शोधांच्या बातम्या लोकांपर्यंत पोचतात, शोध लागण्याआधीचं काम पोचत नाही. उपकरण आठ महिने जुळवावं लागतं, त्यातले सहा महिने गळती कुठे आहे हे शोधण्यात जातात, मोजमाप चुकीचं निघतं, मग पुन्हा पहिल्यापासून. हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही त्यांना विज्ञान म्हणजे निकालांचा खजिना वाटतो. मग एखादा निकाल बदलला की 'यांचं कधी काही ठरतच नाही' असं ते म्हणतात. अनिश्चितता हा कामाचाच भाग आहे, हे व्याख्यानातून पटवणं अवघड जातं. चालू प्रयोगाशेजारी अर्धा तास उभं राहिलं की ते आपोआप उमगतं.

आता प्रयोगशाळेच्या बाजूने बोलू. 'आत येऊ नका' म्हणण्यामागची कारणं खरी आहेत आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय दारं उघडा असा आग्रह धरणं बेजबाबदारपणाचं होईल.

चिप किंवा सेन्सर घडवणारी क्लीनरूम घ्या. हवेच्या स्वच्छतेच्या आयएसओ ५ या आंतरराष्ट्रीय दर्जाच्या खोलीत एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त असून चालत नाहीत. आयएसओ ९ या सगळ्यात सैल दर्जाला हीच मर्यादा ३ कोटी ५२ लाखांची आहे. हवा गाळण्याची सोय चोख असलेल्या अशा खोलीत मुख्य घाण आणतो तो माणूस: त्वचेच्या खपल्या, केस, कपड्यांचे तंतू, श्वासातले थेंब. म्हणून आधी केसांची जाळी, मग मास्क आणि डोकं झाकणारी टोपी, मग जमिनीला टेकू न देता चढवायचा अंगभर सूट, मग बाकावर बसून एकेक पाय स्वच्छ बाजूला टाकत घालायचे बूट आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. सवय नसलेल्या बारा जणांना एवढं करायला अर्धा तास सहज लागतो, आणि एकाचा जरी सूट जमिनीला घासला तरी सगळा खटाटोप फुकट. इथे आत नेण्याचा हट्ट धरूच नये. बाहेरच्या बोळातून आत बघता येईल अशी काचेची खिडकी पुरते. आतले दिवे पिवळे का, हा प्रश्न पाहुणा स्वतःच विचारतो. त्याचं उत्तर देताना फोटोरेझिस्ट नावाचा लेप अतिनील आणि निळ्या प्रकाशाने बदलतो, म्हणून तो प्रकाश गाळून टाकलेला असतो, हे सांगता येतं. कॅमेऱ्याचा फ्लॅश खिडकीतूनही का चालत नाही, हेही त्याच उत्तरात येऊन जातं.

प्रचंड चुंबक वापरून रेणूंची रचना तपासणाऱ्या एनएमआर यंत्राच्या खोलीतला धोका वेगळा. ४०० मेगाहर्ट्झच्या नेहमीच्या यंत्रातलं चुंबकीय क्षेत्र ९.४ टेस्ला असतं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळजवळ दोन लाख पट. ते कधीच बंद नसतं. वीज गेली तरी विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या अतिवाहक वेटोळ्यातला प्रवाह फिरतच राहतो. जमिनीवर अर्ध्या मिलिटेस्लाची रेषा आखलेली असते आणि पेसमेकर असलेल्या माणसाने ती ओलांडायची नसते. लोखंडी स्टूल, नट-बोल्टचे पाने, किल्ल्यांचे जुडगे, चुंबकी पट्टीची कार्डं यांचंही तेच. पण रेषेबाहेर उभं राहून बघायला काहीच हरकत नसते. तेव्हा अशा खोलीला सरसकट बंदी लावणं हा आळस आहे.

पेशीसंवर्धनाच्या खोल्या आणि प्रयोगातले प्राणी ठेवायची दालनं यांत पाहुण्याला नेऊ नये. बाहेरून आलेला जंतुसंसर्ग, अनोळखी वास, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार या चक्रात भलत्या वेळी लागलेला दिवा, यातलं काहीही महिन्यांचं काम वाया घालवू शकतं.

रेडिओ दुर्बिणी आणि तशाच नाजूक वेधयंत्रांची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. ऑस्ट्रेलियातल्या ६४ मीटर व्यासाच्या पार्क्स दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून काही विचित्र स्पंदनं सापडत होती. ती आकाशातून येत नाहीत अशी शंका होती, पण उगम कळत नव्हता. २०१५ साली छडा लागला: जेवण गरम करताना मायक्रोवेव्ह ओव्हन थांबण्याची वाट न बघता कुणी दार उघडलं की ही स्पंदनं उमटत. ओव्हन वेधशाळेच्याच आवारातला होता. अमेरिकेत हॅनफर्डला गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो आहे. कॅल्टेक आणि एमआयटी ही विद्यापीठं ते चालवतात. तिथल्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजा आपल्या लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतका फरक मोजतात. तिथे मोजमापात येणाऱ्या एका विशिष्ट गोंगाटाचा माग काढत गेल्यावर द्रव नायट्रोजनच्या नळीवर साचलेला बर्फ टोचणारे डोमकावळे सापडले. कावळ्याच्या चोचीने जिथे मोजमाप बिघडतं, तिथे शंभर माणसांच्या पावलांनी काय होईल हे वेगळं सांगायला नको. तरीही लायगोच्या दोन्ही ठिकाणी, हॅनफर्डला आणि लिव्हिंग्स्टनला, पाहुण्यांना ठरलेल्या वेळी येता येतं. मँचेस्टर विद्यापीठाच्या जोड्रेल बँकला ७६ मीटरच्या लोव्हेल दुर्बिणीच्या पायथ्याशी लोक फिरतात, फक्त फोन बंद ठेवून. फोन का बंद ठेवायचा हे तिथे सांगितलं जातं आणि लोक ऐकतात. कारण कळलं की माणूस नियम पाळतो, हा अनुभव सगळीकडचा आहे.

म्हणूनच 'सुरक्षेच्या कारणास्तव प्रवेश बंद' ही पाटी आम्हाला खटकते. तिच्यातून कुणाला काहीच कळत नाही. त्याऐवजी दारावर चार ओळी लिहाव्यात: आत काय मोजलं जातं, तुम्ही आत आलात तर नेमकं काय बिघडेल, आणि हेच बघायचं असेल तर कुठल्या खिडकीतून किंवा कुठल्या दिवशी बघता येईल. बंद दारसुद्धा असं शिकवू शकतं, आणि खर्च एका फलकाचा.

मग उघडायचं काय? आमच्या मते सुरुवात वर्कशॉपपासून करावी. पुतळे आणि सभागृहं दाखवण्याच्या नादात विद्यापीठं आपल्या वर्कशॉपला विसरतात, आणि पाहुण्याला सगळ्यात पटकन कळणारी जागा तीच असते. लेथवर फिरणारा पितळेचा तुकडा आणि त्यातून निघणारा गोल झरोका, हा आज दुपारी कुठल्या व्हॅक्यूम पेटीवर बसणार आहे हे कारागीर बोटाने दाखवू शकतो. विकत का आणला नाही, असं विचारलं तर उत्तर मिळतं: असा झरोका कुठेच मिळत नाही, कारण हा प्रयोग याआधी कुणी केलेला नाही. संशोधन म्हणजे काय हे एवढ्या थोडक्यात क्वचितच सांगून होतं.

जिथे काचकामाचं वर्कशॉप अजून टिकलंय तिथे तर ते आधी दाखवावं. कारागीर बोरोसिलिकेट काचेची नळी ऑक्सिजन मिसळलेल्या ज्योतीत फिरवत असतो. ८०० अंश सेल्सियसच्या पुढे ती मऊ पडू लागते, पण मनासारखी घडवायची तर १,२०० च्या आसपास न्यावी लागते. फिरवण्याचा वेग दोन्ही हातांचा तंतोतंत सारखा हवा, नाहीतर नळी पिळवटते. तापलेल्या काचेतून सोडियमचा झगझगीत पिवळा प्रकाश निघतो आणि त्यात सांधा दिसेनासा होतो. म्हणून कारागिराच्या डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा असतो, तो नेमका हाच पिवळा रंग अडवतो. असा एक जादा चष्मा ठेवून प्रत्येक पाहुण्याला क्षणभर लावायला दिला, तर पिवळी ज्योत नाहीशी होऊन आतली काच स्वच्छ दिसते आणि वर्णपटाचा एक धडा तिथल्या तिथे होतो. सांधा झाला तरी काम संपत नाही. काच असमान निवते आणि आत ताण राहतो. प्रकाशाची कंपनं एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या, एक आडव्या आणि एक उभ्या ध्रुवकाच्या मध्ये धरल्यावर हा ताण उजळ पट्ट्यांसारखा दिसतो. तो घालवायला वस्तू ५६० अंशांच्या भट्टीत ठेवून सावकाश थंड करावी लागते. भट्टी उघडायची घाई केली तर दोन दिवसांनी, कुणी हात लावलेला नसतानाही, ती तडकते. ज्योतीपासून दोन मीटरवर दोरी, पाहुण्यांना बंद बूट आणि साधा संरक्षक चष्मा, एवढ्या तयारीत हे सगळं दाखवता येतं.

दुसरी जागा प्रयोग अतिथंड ठेवायला लागणाऱ्या द्रव हेलियमची. उणे २६९ अंशांना उकळणारा हा द्रव महाग आहे आणि हवेत गेला की कायमचा गेला, म्हणून शहाणी विद्यापीठं प्रत्येक प्रयोगातून निघणारा वायू नळ्यांनी परत आणून एका मोठ्या पिशवीत साठवतात, दाबतात, शुद्ध करतात आणि पुन्हा द्रवरूप करतात. ती पिशवी कधी छताला टेकलेली तर कधी चोपलेली असते, आणि तिच्याकडे बघून आज आवारात किती प्रयोग थंड चालू आहेत याचा अंदाज येतो. एक लिटर द्रवाचा सातशेहून अधिक लिटर वायू होतो आणि तो खोलीतली श्वासाची हवा बाहेर ढकलू शकतो. म्हणूनच इथे ऑक्सिजन मोजणारा अलार्म असतो आणि तो वाजला की मागे वळून न बघता बाहेर पडायचं असतं. ही सूचना पाहुण्याला आत शिरण्याआधी द्यावी लागते, आत गेल्यावर नव्हे.

काही प्रयोग मुळातच सगळ्यांना दिसावेत असे मांडलेले असतात. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली डांबरासारखा पिच नावाचा पदार्थ काचेच्या नरसाळ्यात ओतला. तीन वर्षं तो बसू दिला आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. तेव्हापासून २०१४ पर्यंत त्यातून नऊ थेंब पडले. २००० सालचा थेंब टिपायला कॅमेरा लावलेला होता, तोच नेमका त्या वेळी बिघडला. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेच्या प्रवेशदालनात १८४० पासून एक विद्युत घंटा वाजतेय. तिच्या कोरड्या बॅटऱ्यांत नेमकं काय आहे हे पक्कं माहीत नाही, कारण ते बघायचं तर प्रयोग थांबवावा लागेल. दोन्ही गोष्टी काचेमागे आहेत, देखभाल नगण्य, धोका शून्य. संशोधनाचा काळ माणसाच्या घड्याळापेक्षा किती वेगळा असू शकतो हे त्या दाखवतात.

पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फूकोचा लंबक अनेक आवारांत टांगलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी वाया जातो. लोक येतात, दोन मिनिटं हेलकावे बघतात, जातात. पृथ्वी फिरते हे दिसायला तेवढा वेळ पुरत नाही. लंबकाचं हेलकाव्याचं प्रतल, म्हणजे तो ज्या दिशेत झुलतो ती पातळी, पुण्याच्या अक्षांशावर तासाला ५ अंशांहूनही थोडं कमी सरकतं आणि पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास घेतं. पॅरिसमध्ये ते तासाला ११ अंशांहून थोडं जास्त सरकतं. उपाय सोपा आहे. भेट सुरू होताना पाहुण्यांकडूनच खडूने रेषा आखून घ्यावी, मग इतर जागा दाखवून तासाभराने पुन्हा तिथेच आणावं. रेषा आणि हेलकावा यांच्यात पडलेली फट हाच पुरावा.

आणि जिथे खऱ्या जागी नेणं खरोखर अशक्य, तिथे दारापाशी चांगली पर्यायी जागा उभी करावी. टोकियो विद्यापीठाचा, न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण टिपणारा सुपर-कामिओकांदे हा शोधक डोंगराखाली एक हजार मीटरवर, ५०,००० टन अतिशुद्ध पाण्याच्या टाकीत आहे. टाकीच्या भिंतींवरच्या मंद प्रकाश टिपणाऱ्या अकरा हजारांहून अधिक काचेच्या नळ्यांपैकी हजारो १२ नोव्हेंबर २००१ रोजी एकापाठोपाठ फुटल्या. एक फुटली आणि तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटत गेल्या. तिथे रोज पाहुणे नेणं शक्यच नाही. म्हणून गावातल्या हमरस्त्यालगतच्या थांब्यावर २०१९ पासून छोटं प्रदर्शन सुरू आहे. जिनिव्हाजवळ सर्न या युरोपीय कणभौतिकी संस्थेत कणांना वेग देणारा २७ किलोमीटरचा भूमिगत प्रवेगक चालू असताना किरणोत्सारामुळे खाली जाता येत नाही. तिथे ऑक्टोबर २०२३ पासून सायन्स गेटवे हे प्रदर्शन केंद्र विनामूल्य खुलं आहे. आम्हाला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो १९५७ सालचा सिंक्रोसायक्लोट्रॉन हा जुना प्रवेगक. १९९० मध्ये निवृत्त झालेलं हे यंत्र तोडून भंगारात न काढता त्याच्याच दालनात पाहुण्यांसाठी ठेवलंय. जुनं झालेलं मोठं उपकरण ही भेटीसाठी तयार मिळालेली वस्तू असते आणि बहुतेक विद्यापीठं ती विकून टाकतात.

वर्षातून एकदा होणाऱ्या 'ओपन डे'बद्दल स्पष्ट बोलायला हवं. उत्साह खरा असतो, विद्यार्थी राबतात, मुलांची गर्दी बघून बरं वाटतं. पण हिशेब करून बघा. एका खोलीत १५ जणांचा गट दहा मिनिटं थांबला तर तासाला ९० माणसं, सात तासांत ६३०. अशा ४० प्रयोगशाळा उघड्या ठेवल्या तर एकूण जागा २५,२०० होतात. वीस हजार लोक आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा प्रयोगशाळा येते. बाकीचा दिवस रांगेत जातो. दहा मिनिटांत यंत्राचं नाव सांगून होतं, काम सांगून होत नाही. सर्नने सप्टेंबर २०१९ मध्ये दोन दिवसांत सुमारे ७५,००० लोकांना आत घेतलं, पण यंत्र दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद होतं म्हणून ते जमलं.

याउलट त्याच ४० प्रयोगशाळांनी महिन्यातून एकदा, वर्षातले दहा महिने, १२ जणांना ४० मिनिटं दिली तर वर्षाला ४,८०० माणसं होतात. संख्या कमी आहे, ते आम्ही लपवत नाही. पण प्रत्येक प्रयोगशाळेचे वर्षाकाठी, आवराआवर धरून, दहाच तास जातात. ओपन डेला मांडामांड, तो दिवस आणि नंतरची साफसफाई मिळून त्याहून जास्त जातात. वर्कशॉप आणि हेलियमची जागा आठवड्यातून दोनदा उघडली तर तिथे प्रत्येकी आणखी सुमारे हजार. ओपन डे मुलांसाठी जरूर ठेवावा. त्याच्याकडे बोट दाखवून 'आम्ही खुले आहोत' असं म्हणू नये.

बारा हा आकडा हवेतला नाही. व्हॅक्यूम पंप चालू असलेल्या खोलीत मोठ्याने बोललं तरी दोन-अडीच मीटरपलीकडे शब्द कळत नाहीत, आणि एका टेबलाभोवती दोन रांगांत बारापेक्षा जास्त माणसं उभी राहिली की मागच्याला फक्त पाठी दिसतात. समजावण्याचं काम दाराबाहेर, शांततेत उरकावं आणि आत फक्त बघावं. आत शिरल्यावर विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करणं ही नेहमीची चूक. समोर जे आहे तिथून सुरू करावं: हा पंप का धडधडतोय, या नळीभोवती चांदीसारखा कागद का गुंडाळलाय, पडद्यावरची ही रेघ सपाट का. मग मागे मागे जात मोठ्या प्रश्नापर्यंत पोचावं. दाखवणाऱ्याने तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत: आम्ही काय मोजतो, यंत्र खोटं बोलत नाही हे कशावरून ठरवतो, आणि गेल्या महिन्यात काय बिघडलं. तिसरी गोष्ट सांगायला लोक कचरतात. पाहुण्याला सगळ्यात जास्त काळ लक्षात राहते ती तीच.

हे काम जवळजवळ सगळीकडे पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडतं, आणि फुकट. हे अन्यायाचं आहे. जो दुपारभर समजावत बसतो त्याचा प्रयोग तेवढा मागे पडतो, आणि मार्गदर्शक मात्र प्रबंधाच्या तारखेकडे बोट दाखवतो. भेटीचे तास अध्यापनाच्या तासांत धरावेत किंवा त्यांचे पैसे द्यावेत. ज्याला बोलायला आवडत नाही त्याच्यावर सक्ती नको. त्याच्या तोंडून आलेलं पाठ केलेलं भाषण पाहुण्याला लगेच कळतं.

नोंदणीच्या बाबतीत बीजिंगचा धडा सगळ्यांनी घ्यावा. छिंगह्वा आणि पेकिंग या दोन विद्यापीठांना सुटीत भेट देऊ पाहणाऱ्यांची एवढी झुंबड असते की पूर्वनोंदणी उघडताच जागा संपतात. मागणी अफाट, जागा थोड्या, म्हणून दलाल उगवले. माजी विद्यार्थ्यांच्या सवलतीचा वापर करून पैसे घेतलेले गट आत नेल्याचं प्रकरणही २०२३ साली उघडकीला आलं. इतर ठिकाणी हेच सौम्य रूपात चालतं: आत कुणी ओळखीचं असेल तर प्रयोगशाळा दिसते, नसेल तर हिरवळ. वशिल्याने उघडणारं दार बंद दारापेक्षा वाईट, कारण बंद आहे असं निदान सगळ्यांना सारखं सांगितलं जातं. म्हणून जागा महिनाभर आधी जाहीर व्हाव्यात, निम्म्या सोडतीने द्याव्यात, एका नावावर दोनच, आणि आयत्या वेळी न येणाऱ्यांसाठी प्रतीक्षायादी ठेवावी. पर्यटन कंपन्यांच्या गटांकडून शुल्क घ्यायला हरकत नाही, पण ते पैसे वर्कशॉपला आणि दाखवणाऱ्यांच्या तासांना मिळावेत. एकट्यादुकट्या माणसाला प्रवेश विनामूल्यच हवा.

वसतिगृहं, खानावळी आणि वर्ग भेटीच्या वाटेबाहेर ठेवावेत. तिथे राहणारी मुलं प्रदर्शनाची वस्तू नाहीत.

पाहुण्याच्या बाजूनेही थोडी तयारी लागते. परीक्षेचे आठवडे आणि मोठ्या सुट्या टाळाव्यात. सुटीत हिरवळ रिकामी मिळते, पण प्रयोगशाळाही रिकाम्या असतात. मंगळवार ते गुरुवारची सकाळ उत्तम. फोटो असलेलं ओळखपत्र, बोटं झाकणारे बूट, मोकळा लोंबता कपडा नको, लांब केस बांधलेले, पाठीवरची सॅक समोर घेतलेली. वळताना सॅक लागून काहीतरी पडणं, हा प्रयोगशाळेतला सगळ्यात साधा अपघात आहे. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर नोंदणी करतानाच कळवावं. फोटो विचारून काढावा आणि फळ्याचा, पडद्यावरच्या आलेखाचा काढूच नये. ते अप्रकाशित काम असतं. 'याचा उपयोग काय' हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण 'हे चुकलं असतं तर तुम्हाला कसं कळलं असतं' असं विचारून बघा. त्यावर समोरचा खुर्ची ओढून बसतो.

नोंदणी मिळाली नाही तरी बऱ्याच आवारांत विभागांचे बोळ खुले असतात, आणि तिथे परिषदांतून परत आलेली पोस्टरं भिंतींवर लावलेली असतात. ती डावीकडून उजवीकडे वाचत जाऊ नका. आधी निष्कर्ष वाचा, मग तो ज्या आलेखावर उभा आहे तो शोधा, मग त्या आलेखातल्या प्रत्येक बिंदूवरच्या उभ्या रेघांची लांबी बघा. जेवढी लांब रेघ, तेवढी शंका. शेजारच्या फलकावर त्या आठवड्याच्या व्याख्यानांची यादी असते, आणि त्यातली बरीच कुणालाही ऐकता येतात. मागच्या रांगेत बसावं; पहिली दहा मिनिटं बहुधा इतर शाखांच्या लोकांसाठी असतात, तेवढी समजली तरी येणं सार्थकी लागतं. पोस्टरखाली लेखकाचा ईमेल असेल तर एक नेमका प्रश्न तीन ओळींत लिहून पाठवा. 'आलेख तीनमधला चौथा बिंदू एवढा खाली का' अशा प्रश्नाला उत्तर येण्याची शक्यता चांगली असते, आणि पुढच्या महिन्यात दार उघडं असेल तर बोलावणंही येऊ शकतं.